दोन हात झाकून पाहायची लक्ष्मी

फोटोबुवा देवांशी ज्याच्या त्याच्या भाषेत बोलायचे. म्हणजे त्यांना त्या भाषा येत होत्या अशातला भाग नाही. छठीमय्येची फ्रेम पुसताना "जरा सरको मय्या, पीछे धूल है" म्हणायचे, तुळजाभवानीला "आई, मान वर कर की जरा" म्हणायचे, आणि पुरीच्या जगन्नाथापुढे आले की थोडा वेळ गप्प राहून शेवटी हिंदीतच सुरुवात करायचे. "बुवा, ओडिशाच्या देवाला हिंदी कळतं का हो?" असं मी एकदा मुद्दाम खोचकपणे विचारलं. मी दौंडच्या एका शाळेत इतिहासाचा मास्तर. खोचक विचारणं हा आमचा पोटापाण्याचा धंदा. बुवा फडकं पिळत म्हणाले, "थोडंफार कळत आसंल सर. मराठी तर त्याला बिलकूलच कळत न्हाई, म्हून आपलं अधलंमधलं."

आमचं गाव खुटबावच्या जरा पुढे. नाव सांगत नाही, कारण ज्यांच्याबद्दल लिहितोय ते सरपंच अजून हयात आहेत आणि मला रोज त्याच रस्त्यानं मोटारसायकल घालावी लागते. गावाच्या शिवेवर एक पिंपळ आहे. असा पिंपळ तुमच्याही गावाला असेल. काच तडकलेले, वाळवी लागलेले, नाहीतर नव्या घराच्या रंगाला शोभत नाहीत म्हणून नकोसे झालेले देवांचे फोटो माणसं तिथं आणून ठेवतात. कचऱ्यात टाकवत नाही आणि भिंतीवर ठेवायचं नाही, अशी पंचाईत. बुंध्याला टेकवतात, घाईघाईनं हात जोडतात आणि गाडी चालू करून निघतात ते मागं वळूनही बघत नाहीत. त्या पिंपळाखाली पत्र्याचं शेड होतं, आणि शेडमध्ये बुवा होते. लोकांनी ठेवलेले देव ते आत घेत, पुसत आणि ओळीनं लावून ठेवत.

बुवा काही जन्मापासून बुवा नव्हते. रांजणगावच्या एका कंपनीत पॅकिंगला होते. कंपनीच्या बसमध्ये उभ्या उभ्या झोपायचे आणि सणसवाडीत खोली घेऊन राहायचे. त्या इमारतीत भाडेकरू सारखे बदलायचे. खोली सोडताना माणूस गादी नेतो, कुकर नेतो, बल्बसुद्धा काढून नेतो. फोटो तेवढे खिळ्याला राहतात. मग मालक रंग मारायला येणार आणि सगळे देव जिन्याखाली रद्दीवर नेऊन टाकणार. बुवांनी एकदा त्यातला एक उचलून खोलीत आणला. मग दुसरा. मग केरळच्या कुण्या वेल्डरचा येशू आला, कुणाचा अजमेरचा दर्गा आला. "गावाकडचं मानूस रूमवर आलं तर आपण त्याला जिन्याखाली झोपवतो का?" एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. लग्न का केलं नाही असं विचारलं की म्हणायचे, "करनार व्हतो, पण रूममधी जागा कुठं व्हती?"

शेवटी नोकरी सोडून ते गावी परतले ते टेम्पोभर देव घेऊन. टेम्पो होता शिरूरच्या बशीरभाईंचा. बशीरभाईंचं काचेचं आणि फ्रेमचं दुकान तिथं त्यांच्या आजोबांपासून आहे. अख्ख्या बाजारातले गणपती, विठ्ठल, दत्त त्यांच्याच हातून चौकटीत बसतात. त्यांच्या घरी मात्र भिंतीवर एकही चित्र नाही. "घरात आम्ही लावत न्हाई. दुकानात लावतो. दुकान म्हंजी घर हाय का?" असा त्यांचा सरळ हिशेब. बुवा सणसवाडीत असल्यापासून फुटक्या फ्रेमांसाठी त्यांच्याकडून काचेचे उरलेसुरले तुकडे न्यायचे, त्यातून दोघांची दोस्ती जमलेली. दोघं तासन् तास बोलायचे, आणि धर्म सोडून जगातल्या सगळ्या विषयांवर बोलायचे.

गावाला वाटलं, आता पिंपळाखाली मठ होणार, आरत्या होणार, दानपेटी येणार. बुवांनी सगळ्यांची निराशा केली. त्यांनी कधी उदबत्ती लावली नाही, कधी फूल वाहिलं नाही. भगवंही नेसले नाहीत. कंपनीचा खाकी शर्ट, त्यावरचा बिल्ला उसवून काढलेला, हाच त्यांचा संन्याशाचा वेष. कुणी बाई नारळ घेऊन आली की ती काही म्हणायच्या आधीच सांगायचे, "ताई, पुजारी न्हाई मी. वॉचमन हाय. नारळ देवळात फोडा." पुसण्याचा मात्र नेम होता. ओल्या वर्तमानपत्रानं काच पुसायची, मग कोरड्यानं. जुने पेपर मी पुरवायचो. बातम्यांचा एवढा चांगला उपयोग मी दुसरीकडे कुठंही पाहिलेला नाही.

शेडच्या आतल्या भिंतीवर, दाराच्या अगदी समोर, कॅलेंडरमधून कापून फ्रेम केलेली एक लक्ष्मी होती. कमळात उभी, गुलाबी साडी, चार हात, एका हातातून नाणी पडताहेत. बुवांनी पिंपळाखालचा कुठलाही देव मागणाऱ्याला कधी नाही म्हटलं नाही, पण ही लक्ष्मी कुणाला हातसुद्धा लावू देत नसत. मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं. बुवांची आई ते अंगावर पीत असतानाच गेली. घर धनगराचं; त्या काळी बाप मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा, तिथं फोटो कोण काढतंय? पोरगं बोलायला लागल्यावर आईचं तोंड कसं होतं म्हणून भंडावून सोडायचं. एकदा शिरूरच्या बाजारात एका दुकानावर हे कॅलेंडर टांगलेलं दिसलं, तेव्हा बाप थबकला आणि म्हणाला, "ही अशी व्हती बघ तुझी आई." आणि ते विकत घेऊन आला.

आता मी इतिहासाचा माणूस, पुरावा मागायची खोड. उन्हातान्हात मेंढरांमागे फिरणारी बाई गुलाबी कशी असेल, आणि चार हात? बुवा हसले. उठले, लक्ष्मीसमोर गेले आणि आपल्या तळव्यांनी तिचे वरचे दोन हात झाकले. मग एक तळवा सरकवून नाणी झाकली. "असं बघायचं सर. एवढंच तोंड. बाकीचं कंपनीनं घातलंय." मी वाकून पाहिलं. छपाईत रंग जरा सरकला होता, त्यामुळे लक्ष्मीचं नाक जाड आणि किंचित वाकडं दिसत होतं. मी ते बोलून दाखवलं. छपाईतला दोष आहे म्हणालो. बुवांना राग आलेला मी त्या एकाच वेळी पाहिला. "दोष कशाचा? सगळ्या चित्रात तेवढं नाकच तर बराबर आलंय," ते म्हणाले, आणि स्वतःच्या जाड, किंचित वाकड्या नाकावर बोट ठेवून उभे राहिले.

एवढे फोटो सांभाळणारा हा माणूस स्वतःचा फोटो मात्र काढू देत नसे. कुणी मोबाइल उचलला की झटकन भिंतीकडे तोंड. गावातली पोरंटोरं त्यासाठी त्यांना छळायची. बुवांचं म्हणणं असं, की फोटो काढला की तो कुठंतरी राहणार; आपण मेल्यावर कुणाच्या तरी भिंतीवर, मग कुणाच्या तरी माळ्यावर, आणि मग पिंपळाखाली. "आन् तवा पुसायला मी नसनार. कशाला कुनाच्या मागं लचांड?"

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना आमच्या सरपंच आप्पांचे गुडघे दुखायला लागले. गुडघ्यांसाठी ते कुठल्याशा डोंगरावरच्या ध्यानशिबिराला गेले आणि गुडघे आहेत तसेच ठेवून निराकार घेऊन परत आले. ईश्वराला आकार नाही, मूर्ती म्हणजे बालबुद्धी, चित्र म्हणजे अज्ञान. आप्पांचा स्वभाव असा, की पटलेली गोष्ट स्वतःपुरती ठेवणं त्यांना जमत नाही. ग्रामपंचायतीतल्या तसबिरी उतरल्या. शाळेच्या भिंतीवरच्या सरस्वतीवर पांढरा रंग फिरला; तिची वीणा पुसट दिसत राहिली म्हणून दुसरा हात मारला. घरातला देव्हारा त्यांनी स्वतः रिकामा केला. आप्पांच्या मंडळींना सारा गाव अक्का म्हणतो. त्या दारात उभ्या राहून बघत होत्या म्हणतात. गावाच्या चौकात मात्र नवा फ्लेक्स लागला. 'निराकार साधना यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल आप्पांचे हार्दिक अभिनंदन', आणि त्यावर दहा फुटांचे आप्पा, गॉगल लावलेले.

आता शिबिराचे गुरुजी गावाला भेट देणार होते, आणि पिंपळाखाली ध्यानासाठी कट्टा बांधायचा होता. आप्पा शेडवर आले. मी तिथं चहा पीत बसलो होतो. आप्पा आणि बुवा एकाच वर्गातले, त्यामुळे अरे-तुरे.

"देव काय ह्या कागदात बसलाय का रे?"

"मला काय म्हाईत आप्पा. मी नुसती काच पुसतो."

"अरे, डोळं मिटून बस एकदा. आपोआप दिसतंय सगळं आत."

बुवांनी खरोखर डोळे मिटले. बराच वेळ तसेच बसले. मग उघडून म्हणाले, "ज्यांनी तोंड बघितलंय त्यांनी खुशाल डोळं मिटावं आप्पा. मी मिटलं की काळं दिसतं."

आप्पांना ते कळलं नाही. मला कळलं. आप्पा गेल्यावर काहीतरी बोलायचं म्हणून मी त्यांना माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगितली. बारा-तेराशे वर्षांपूर्वी बायझंटाईन नावाचं ख्रिस्ती साम्राज्य होतं. तिथल्या बादशहाच्या मनात आलं, की चित्रं म्हणजे पाप. देवळातली सगळी पुसा, फोडा, जाळा. तेव्हा एक साधू पेटून उठला. तो म्हणाला, की मी लाकडाला आणि रंगाला हात जोडत नाही, ज्याचं चित्र आहे त्याला जोडतो. चित्राला दिलेला मान त्या माणसापर्यंत जाऊन पोचतो.

बुवांचं फडकं थांबलं. "त्याच्यापाशी कुनाची चित्रं व्हती?"

"येशूची. आणि येशूच्या आईची."

"आईची व्हय," बुवा म्हणाले. मग जरा वेळानं, "आन् बादशहानं त्याला धरला न्हाई?"

"कसा धरणार? तो राहत होता पलीकडे, खलिफाच्या राज्यात. बादशहाचा हात तिथं पोचत नव्हता."

"म्हंजी मुसलमानांनी संभाळला त्याला."

तसंच म्हणा, मी म्हणालो. बुवा बराच वेळ उत्तरेकडे, नदीच्या बाजूला बघत राहिले. आमच्या बाजूला भीमेच्या अलीकडे दौंड तालुका आणि पलीकडे शिरूर. आप्पांचा दबदबा कितीही मोठा असला तरी पारगावचा पूल ओलांडला की त्यांना कुणी चहासुद्धा विचारत नाही.

तरीही प्रकरण कदाचित मिटलं असतं, पण मध्ये तो फ्लेक्स आला. कालव्याला पाणी सुटलं की शेडची जमीन ओल धरते. त्यात वाऱ्यानं चौकातला अभिनंदनाचा फ्लेक्स फाटून पडला होता. फाटलेल्या फ्लेक्सनं आमच्याकडे माणसं कडबा झाकतात, कोंबड्यांचं खुराडं झाकतात. बुवांनी तो आणून शेडमध्ये जमिनीवर अंथरला आणि त्यावर देव मांडले. दुसऱ्या दिवशी आप्पा चार माणसं घेऊन जागेची मापं घ्यायला आले आणि दारातच थिजले. बुवा त्यांच्या कपाळावर उकिडवे बसून दत्त पुसत होते.

"माझ्या तोंडावर पाय देतोस?"

बुवा दचकून उठले ते गॉगलवर उभे राहिले. "आप्पा, ह्यो फ्लेक्स हाय. तू तर तिकडं हुबा हायस."

"अरे पन माझा चेहरा हाय ना त्याच्यावर!"

"व्हय की. म्हून तर वरल्या अंगाला ठेवला. खाली घातला आसता तर चिखलात गेला आसता." मग खरोखर काळजीनं विचारलं, "का रं, लागलं का तुला?"

आप्पांबरोबरच्या चौघांपैकी एकाला एकाएकी खोकल्याची उबळ आली. दुसरा पिंपळाची पानं मोजायला लागला. बुवांनी हे मुद्दाम केलं होतं की काय, ते मला आजतागायत कळलेलं नाही, मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "वल व्हती सर." आप्पांना मात्र ती ओल फारच लागली. आप्पांनी तिथल्या तिथं सांगून टाकलं, की गुरुजी यायच्या आत जागा मोकळी, नाहीतर जेसीबी.

बुवा भांडले नाहीत. त्यांनी बशीरभाईंना फोन लावला. बशीरभाई म्हणाले, "माझ्या गोडावनात काचा हायत, उंदरं हायत. देव बी ऱ्हातील. आना." झालं, टेम्पो पुलावरून ये-जा करायला लागला. बुवा प्रत्येक देवाला गोणपाटात गुंडाळायचे, कुठं नेतोय ते त्याच्या त्याच्या भाषेत समजावून सांगायचे आणि मगच टेम्पोत चढवायचे. लक्ष्मीला मात्र त्यांनी शेवटच्या खेपेसाठी मागं ठेवलं. "सगळीच नेली तर शेड वसाड दिसंल. ती ऱ्हाऊ द्या शेवटपातुर, राखनीला," म्हणाले. मी चिडून म्हणालो, अहो, आधी तिला न्या! ऐकतील तर शपथ. शेड राखायला चित्र ठेवणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

जेसीबी सांगितलेल्या दिवसाच्या आदल्या दुपारी आला. बुवा तेव्हा शिरूरला होते. पत्रे गेले, कुडाच्या भिंती गेल्या, उरलेसुरले देव ट्रॉलीत पडले आणि ट्रॉली नदीकडे गेली. शाळेतून परतताना मी पाहिलं तर सपाट जमीन, आणि तिच्या मधोमध बुवा.

मी त्यांच्याशेजारी नुसता बसलो. ते रडत नव्हते. डोळे मिटत होते, उघडत होते, परत मिटत होते. शेवटी म्हणाले, "सर, सकाळी बघून गेलतो. आन् आता आठवंना." मग आपलं नाक चाचपलं. "एवढंच आठवतंय." मला आप्पांचा असा संताप आला, की त्याच पावली त्यांच्या घरी जाऊन नाही नाही ते बोलून आलो. आप्पांनी डोळे मिटून, मन शांत ठेवून सगळं ऐकून घेतलं. त्यानं माझं डोकं जास्तच फिरलं.

गुरुजी आले. खरं सांगायचं तर माणूस साधा निघाला. ध्यान झालं, प्रवचन झालं, आणि जाता जाता ते आप्पांना म्हणाले, "इथं म्हणे कुणी देशभरातल्या देवांची चित्रं जमवलीत. मला जुन्या छपाईची फार आवड. बघायला मिळतील का?" आप्पांचा चेहरा त्या वेळी फ्लेक्सवर छापण्यासारखा झाला होता. "तुम्हीच तर सांगितलं..." ते पुटपुटले. "मी?" गुरुजी म्हणाले, "मी तुम्हाला डोळे मिटायला सांगितले होते. दुसऱ्याचे फोडायला नव्हते सांगितले." आणि गाडीत बसून गेले.

इथं अक्कांचं सांगायला हवं. नदीकडे जाताना ट्रॉली आप्पांच्या दारात थांबली होती, ड्रायव्हर चहा प्यायला आत आला होता. तेवढ्यात अक्कांनी ट्रॉलीत हात घालून हाताला लागलं ते काढलं आणि स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे सरकवलं. त्यात लक्ष्मी होती. चार दिवसांनी आप्पांना डब्यामागे फ्रेमचा कोपरा दिसला. त्यांनी विचारलं, हे काय? अक्का भाकरी थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "नातीच्या बाहुल्या हायत. पोरीच्या खेळात हात घालू नका." आप्पांनी हात घातला नाही. त्यांना कळलं होतं की नव्हतं, हे अक्कांनाही माहीत नाही. मग एके दिवशी डोळे तपासून येते म्हणून अक्का एसटीनं एकट्या शिरूरला गेल्या, साडीच्या दुकानाच्या पिशवीत लक्ष्मी घालून, आणि थेट बशीरभाईंच्या दुकानात उतरल्या.

हे बशीरभाईंनी मला सांगितलेलं. बुवा आत गोडावनात होते. अक्कांनी फ्रेम पुढं केली आणि म्हणाल्या, "मी पुसलीया. पर पदरानं पुसलीया, जरीनं काच खरबाडली थोडी." बुवांनी ती घेतली, खाली बसले, मांडीवर ठेवली, वरचे दोन हात झाकले, नाणी झाकली, आणि किती तरी वेळ हललेच नाहीत. बशीरभाईंनी नवी काच कापून आणली, तर नको म्हणाले. खरबडलेलीच राहू दे म्हणाले.

त्यानंतर बुवा भीमेच्या अलीकडे कधी राहायला आले नाहीत. बशीरभाईंच्या गोडावनात त्यांची पथारी पडली. दुपारी बशीरभाई नमाजाला गेले की बुवा दुकान सांभाळायचे आणि गिऱ्हाईकानं किंमत विचारली की हमखास चुकीची सांगायचे. आमच्या गावचे लोक मात्र त्यांना सोडायला तयार नव्हते. पिंपळाखाली आता सिमेंटचा कट्टा, त्यावर कुणी ध्यानाला बसत नाही. पण जुना फोटो घेऊन माणसं पूल ओलांडून शिरूरला जायला लागली. मी विचारायचो, अरे, पिंपळ आहे की इथं. तर म्हणायची, "तिथं पुसतंय कोन?"

गेल्या थंडीत बुवा गेले. सकाळी गोडावनात जगन्नाथाची काच पुसायला बसले ते बसलेच. बशीरभाईंनी चहा आणला तेव्हा हातात ओला पेपर तसाच होता. भावकीनं गावी आणलं. आमच्या नदीवर सगळं झालं, आणि त्या वेळी सर्वांत पुढं कोण होतं? आप्पा. मला हसावं की चिडावं ते कळेना. त्यांनीच सांगितलं, दशक्रियेला चौकात मोठा फ्लेक्स लागला पाहिजे, भावपूर्ण श्रद्धांजली, माझ्याकडून.

आणि इथं घोडं अडलं. खाली शोकाकुल म्हणून आप्पांचा फोटो तयार होता. वर मयताचा नव्हता. पोरांनी मोबाइल धुंडाळले. एकात बुवांची पाठ, एकात खाकी शर्टाची कॉलर, एकात नुसती भिंत. आधारकार्डावर जे होतं त्याला चेहरा म्हणणं धाडसाचं. फ्लेक्सवाला हात जोडून म्हणाला, "आप्पा, हे एवढं मोठं केलं तर मला लोकं जोड्यानं मारतील." आप्पांना हे काही केल्या पटेना. एका वर्गात बसल्यापासून पाहिलेला माणूस, आणि त्याचं तोंड कुठंच नाही? दशक्रियेच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, चला शिरूरला. बशीरपाशी आसंल एखादा." वाटेत पुलावर ते एकदम बोलले, "मी डोळं मिटून बघितलं सर. त्याचं खाकी शर्ट दिसतंय. तोंड येत न्हाई."

बशीरभाई काच कापत होते. आमचं ऐकून त्यांनी हातातला काच कापायचा हिरा खाली ठेवला. "फोटो न्हाई," म्हणाले. "काढूच दिला न्हाई कवा. पन थांबा." आत गेले आणि ती लक्ष्मी घेऊन आले. काउंटरवर उभी केली. आप्पांना काही कळेना. ते माझ्याकडे बघायला लागले. मी पुढं झालो, आणि बुवांनी शिकवलं होतं तसे वरचे दोन हात तळव्यांनी झाकले. बशीरभाईंनी आपला तळवा नाण्यांवर ठेवला. खरबडलेल्या काचेमागे एवढंसं तोंड राहिलं.

आप्पा वाकले. बराच वेळ बघत राहिले.

"नाक," ते म्हणाले. "नाक त्याचंच हाय की रं."

आणि त्यांनी पायातल्या चपला काढल्या.

बशीरभाई घाईनं म्हणाले, "आप्पा, घाला घाला, खाली काचा हायत समद्या."

आप्पांनी घातल्या नाहीत.